इंजिनातून स्पार्क प्लग उडाला तर? चार आटे, एक पिकअप ट्रक आणि तुमचा मोबाईल

बॉनेटखाली एकदम सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज येतो. मागोमाग फट-फट-फट असा मशीनगनसारखा आवाज सुरू होतो. ॲक्सिलरेटर दाबला की फट-फटचा वेग वाढतो, पण गाडीचा जोर गेलेला असतो. केबिनमध्ये कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागतो. अमेरिकेत जुने पिकअप ट्रक चालवणाऱ्यांच्या व्हिडिओंमध्ये हा प्रकार तुम्ही कदाचित पाहिलाही असेल. इंजिनातला एक स्पार्क प्लग आपल्या जागेवरून बंदुकीच्या गोळीसारखा उडालेला असतो.

मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या असंख्य मराठी पोरांपैकी एक. त्यामुळे असा विषय समोर आला की दोन्हीकडचे किडे एकदम वळवळतात. लोखंडाचा घट्ट आवळलेला प्लग उडतोच कसा? आणि स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर लावून मोबाईलवर इंजिनचे कोड वाचता येतात, तर फोनला हे आधी कळत का नाही? या लेखात हेच बघू.

आधी एक गोष्ट साफ करतो. पिकअप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट घेऊन निघालेली गाडी येते. ती बहुतेक वेळा डिझेल असते, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. ग्लो प्लग नावाचा जो प्रकार डिझेलमध्ये असतो तो मुख्यतः थंडीत सुरू करताना गरम करण्यापुरता. अमेरिकेतले पिकअप मात्र मुख्यतः पेट्रोलवर चालतात, त्यात अनेकदा मोठी व्ही-८ इंजिनं असतात, म्हणजे आठ सिलिंडर आणि सहसा आठ प्लग. आजचा आजार त्यांचा आहे.

हा आजार आला कुठून?

या बाबतीत सगळ्यात गाजलेलं इंजिन म्हणजे फोर्डचं ट्रायटन. १९९७ च्या एफ-१५० पिकअपपासून ते आलं. ४.६ आणि ५.४ लिटरचं व्ही-८ आणि मोठ्या गाड्यांसाठी ६.८ लिटरचं व्ही-१०. लाखो गाड्यांमध्ये ही इंजिनं बसली आणि बाकी बाबतीत ती दणकट म्हणूनच ओळखली जातात. पण साधारण २००३ पर्यंतच्या, सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनांत एक गोम होती. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमध्ये प्लग धरून ठेवायला आटे फार कमी होते, जेमतेम चार-पाच.

आटे म्हणजे स्क्रूवर आणि त्याच्या भोकात ज्या गोल-गोल चढत जाणाऱ्या खाचा असतात त्या. या प्लगचा व्यास १४ मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिलिमीटर. म्हणजे चार आट्यांची पकड झाली फक्त ५ मिलिमीटर. मोबाईलच्या नॅनो सिम कार्डाची लांबी सुमारे १२ मिलिमीटर असते, त्याच्या निम्म्याहूनही कमी. याउलट ज्या इंजिनात १९ मिलिमीटर लांब आट्यांचा प्लग पूर्ण बसतो तिथे पंधराएक आटे मिळतात.

९० किलोचा धक्का आणि ७०० किलोची पकड

आता थोडं गणित करू, कारण खरी गंमत त्यातच आहे.

पूर्ण जोर लावलेल्या पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब सहज ६० बारच्या आसपास जातो. कारच्या टायरमध्ये आपण सव्वादोन बार हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. १४ मिलिमीटर व्यासाच्या प्लगवर हा दाब पडला की त्याला बाहेर ढकलणारा जोर होतो सुमारे ९० किलोचा. एक धष्टपुष्ट माणूस प्लगला आतून लाथ मारतोय असं समजा. इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला १००० स्फोट होतात. नेहमीच्या निवांत चालवण्यात दाब बराच कमी असतो, पण लाथांची संख्या तेवढीच.

दुसरी बाजू बघू. प्लग टॉर्क रेंचने २० न्यूटन-मीटरला आवळला, तर इंजिनिअरिंगच्या ढोबळ सूत्राने त्याची पकड येते ७०० किलोच्या आसपास. म्हणजे ९० विरुद्ध ७००. प्लग उडायला नकोच!

आणि खरंच, नवीन गाडीत तो उडत नाही. आवळलेला स्क्रू म्हणजे एक ताणलेली कडक स्प्रिंग असते. तो ताण आहे तोपर्यंत आतल्या लाथा प्लगला हलवूच शकत नाहीत. भानगड होते तो ताण हळूहळू उतरतो तेव्हा. ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. रोज सकाळी इंजिन थंड, अर्ध्या तासात तापून लाल, संध्याकाळी पुन्हा थंड. प्लग स्टीलचा, हेड ॲल्युमिनियमचं. दोघंही वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात. हजारो वेळा असं झालं की पकड थोडी-थोडी ढिली होते. पंधरा आटे असते तर काही बिघडलं नसतं. इथे चारच आहेत, आणि फॅक्टरीत किंवा गॅरेजमध्ये तो प्लग मुळात कमी आवळला गेला असेल तर मग विचारूच नका.

एकदा ताण गेला की खेळ बदलतो. आता प्रत्येक स्फोटाबरोबर प्लग केसभर वर-खाली हलतो. स्टीलचे आटे ॲल्युमिनियमच्या मऊ आट्यांवर घणासारखे आपटत राहतात. शिवाय प्लग आपली उष्णता आट्यांमधून आणि बैठकीतूनच हेडला देत असतो. ढिला प्लग ती देऊ शकत नाही, मग तो जास्त तापतो. एक दिवस चढावर, मागे ट्रेलर जोडलेला असताना, उरलेले आटे कापले जातात आणि प्लग निघतो.

यात एक जास्तीचा योग जुळून आला. या इंजिनांचे प्लॅटिनम टोकाचे प्लग १,००,००० मैल चालतील असं सांगितलेलं होतं. म्हणजे १,६०,००० किलोमीटर कुणी प्लगला हात लावायचं कारण नाही! आपल्याकडे मेस्त्री दर सर्व्हिसिंगला प्लग काढून साफ करून परत आवळतो, त्याला आपण हसतो. पण त्या निमित्ताने ढिला झालेला प्लग त्याच्या हाताला तरी लागतो. इथे तर वर्षानुवर्षं कुणी बघितलंच नाही.

फोनला काय दिसतं

अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला आणि पिकअपला ओबीडी-२ नावाचं सॉकेट असतं, स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा छोटा अडॅप्टर खोचला की ब्लूटूथवरून फोनवरचं ॲप इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलू लागतं. आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, जुन्या साध्या ब्लूटूथचा अडॅप्टर त्यावर चालत नाही, वाय-फायवाला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्यावा लागतो. आणखी एक. त्या काळातल्या फोर्ड गाड्या आजच्यासारख्या कॅन पद्धतीने नाही, तर जे१८५० नावाच्या जुन्या पद्धतीने बोलतात. अगदी स्वस्त नकली अडॅप्टरमध्ये काही वेळा ही पद्धत गाळलेली असते. मग ॲप 'कनेक्टेड' दाखवतं आणि आत काहीच येत नाही. अडॅप्टर घेताना हे तपासून घ्यायचं.

प्लग उडालेल्या गाडीत ॲप बहुतेक पी०३०१ ते पी०३०८ मधला एखादा कोड दाखवेल. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०४ म्हणजे चौथा सिलिंडर मिसफायर करतोय, आपल्या गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग मारतोय'. फोर्डच्या व्ही-८ मध्ये चालकाच्या शेजारच्या सीटकडच्या बाजूला पुढून मागे १ ते ४ आणि चालकाच्या बाजूला ५ ते ८ अशी मोजणी असते. सगळ्या कंपन्यांची मोजणी सारखी नसते, त्यामुळे आधी तक्ता बघायचा.

पण कॉम्प्युटरला हे कळलं कसं? मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. सिलिंडरमध्ये कॅमेरा नाही, प्रत्येक प्लगवर सेन्सर नाही. क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं. त्यावर ३६ दातांची जागा असते आणि त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला, म्हणजे फेरा कुठून सुरू झाला ते ओळखता येतं. एक सेन्सर हे दात मोजतो. व्ही-८ मध्ये दर ९० अंशाला एक स्फोट होतो. गाडी उभी असताना, मिनिटाला ६०० फेऱ्यांना, हे अंतर पडतं २५ मिलिसेकंदाचं. प्रत्येक स्फोटानंतर क्रँक जराशी झटका मारून पुढे पळते. एखादा स्फोट झालाच नाही तर ती त्या तुकड्यात किंचित रेंगाळते. कॉम्प्युटर फक्त वेळ मोजतो आणि रेंगाळण्याची जागा बघून म्हणतो, 'या वेळी पाळी चार नंबरची होती'.

आमच्या कामात सर्व्हरच्या लॉगमधल्या वेळा बघून कुठली सर्व्हिस अडकली ते शोधतात, अगदी तसंच. आणि त्या पद्धतीची मर्यादाही तीच. लॉग सांगतो उशीर झाला, का झाला ते नाही सांगत. चौथ्या सिलिंडरचा प्लग काजळला असेल, कॉइल जळाली असेल, इंजेक्टर तुंबला असेल किंवा प्लग जागेवरच नसेल, चारही वेळा पी०३०४ येऊ शकतो. ॲपमधलं 'संभाव्य कारण: कॉइल बदला' हे वाक्य म्हणजे एक सरासरी अंदाज आहे. नुसता त्यावर विश्वास ठेवून कॉइल मागवली तर पैसे गेले. फरक तुमच्या कानाला कळतो. कॉइल गेलेली गाडी थरथरते, पण फट-फट करत नाही.

प्लग उडायच्या आधीची खूणही कानालाच कळते. ढिल्या प्लगच्या कडेने गॅस निसटतो आणि टिक-टिक आवाज येतो, जोर लावला की वाढतो. मात्र याच इंजिनांत सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डचे बोल्ट तुटून तिथूनही अगदी असाच आवाज येतो. ती गळती बहुधा थंड इंजिनला मोठी ऐकू येते आणि धातू तापून फुगला की कमी होते. तापल्यावरही टिक-टिक तशीच राहत असेल तर कॉइल काढून प्लगच्या खड्ड्यात बघायचं. तिथे काळी-तपकिरी काजळी दिसली तर प्लग श्वास सोडतोय हे नक्की. या कामासाठी फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा फार उपयोगी. वायरच्या टोकाला पेन्सिलीपेक्षा बारीक कॅमेरा आणि भोवती एलईडी. ओबीडी अडॅप्टरपेक्षा मी आधी हा घ्यायला सांगेन.

उडालाच तर आधी काय करायचं

गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. 'पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ' हा विचार मनात आला तरी नाही. कारण ऐका.

प्लग नसला तरी त्या सिलिंडरचा इंजेक्टर पेट्रोल फवारत राहू शकतो. पिस्टन वर आला की पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या भोकातून थेट गरम इंजिनवर फेकलं जातं. यातल्या बहुतेक इंजिनांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल एका लहान बोल्टने बसवलेली असते. प्लग उडताना ती कॉइल फुटते किंवा उपटली जाते, आणि जोडणी शाबूत असेल तर तिकडे लोंबकळत ठिणग्या मारत राहू शकते. पेट्रोलची वाफ, तापलेलं लोखंड आणि ठिणगी, तिन्ही एकाच ठिकाणी. आग लागायला आणखी काय हवं?

म्हणून किल्ली बंद, माणसं बाहेर, आणि वास ओसरेपर्यंत बॉनेटपाशी सिगारेट किंवा लायटर नको. इंजिन निवल्यावर त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं आणि कॉइलचं कनेक्टर काढून ठेवता येतं. मग पेट्रोलही बंद आणि ठिणगीही. काही लोक असं करून उरलेल्या सात सिलिंडरांवर गाडी हळूहळू घरी नेतात. मी तरी टो-ट्रक बोलवा म्हणेन. उघड्या भोकातून धूळ-खडे थेट सिलिंडरमध्ये ओढले जातात, आणि त्याची किंमत प्लगपेक्षा खूप जास्त असते.

पिवळा दिवा नुसता लागून राहिला तर 'सवडीने बघा'. उघडझाप करत असेल तर 'आत्ता थांबा'. हे जवळजवळ सगळ्याच ओबीडी-२ गाड्यांना लागू आहे. उघडझाप म्हणजे न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय आणि तो वितळायच्या बेतात आहे.

हेड बदलायचं की बुश मारायचं?

खरा पैशाचा प्रश्न इथे आहे. जुन्या ट्रकच्या मालकाला अनेकदा पहिल्यांदा ऐकायला मिळतं, 'हेड गेलं, नवीन टाकावं लागेल' किंवा थेट 'इंजिनच बदला'. हेड उतरवायचं म्हणजे टायमिंग चेनपासून सगळं खोलायचं, काही दिवसांचं काम. गाडीच्या किमतीएवढं बिल होऊ शकतं. शिष्यवृत्तीवर किंवा पार्ट-टाइम कामावर राहणाऱ्या मुलाने ते ऐकलं तर तो गाडी भंगारात देऊन मोकळा होईल.

पण गेलेले असतात फक्त आटे. आपल्याकडचा कुठलाही लेथवाला त्यावर उपाय सांगेल. भोक थोडं मोठं करा, नवीन आटे पाडा, त्यात आतून-बाहेरून आटे असलेला बुश बसवा. अमेरिकेत यालाच थ्रेड इन्सर्ट म्हणतात आणि ट्रायटन इंजिनांसाठी खास मापाची किट मिळतात. हेड गाडीतच ठेवून, प्लगच्या खोल खड्ड्यातून हे काम काही तासांत होतं. सुरुवातीला कंपनीचा कल हेड बदलण्याकडे होता. २००७ मध्ये फोर्डने स्वतःच आपल्या डीलरांसाठी तांत्रिक सूचना काढून ठरावीक प्रकारच्या इन्सर्टने दुरुस्ती करायला मान्यता दिली. तेव्हा कुणी 'असं होतच नाही' म्हणाला तर त्याला ही सूचना दाखवता येते.

इन्सर्ट दोन प्रकारचे. एक तारेच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला, हेलिकॉइल. दुसरा भरीव नळीसारखा बुश, ज्याला वरच्या बाजूला कॉलर असते. बाकी ठिकाणी हेलिकॉइल उत्तम चालतो. पण प्लगच्या जागी माझं मत भरीव बुशाच्या बाजूने आहे. पुढे कधी प्लग काढताना तारेची स्प्रिंग त्याच्याबरोबर उलगडून बाहेर येण्याची भीती असते, भरीव बुश कॉलरवर बसून राहतो. शिवाय तो लांब असल्यामुळे मूळच्यापेक्षा जास्त आटे मिळतात. दुरुस्त केलेलं भोक कंपनीच्या भोकापेक्षा मजबूत, असा उलटा प्रकार!

कामात जपायची गोष्ट म्हणजे आटे पाडताना निघणारा ॲल्युमिनियमचा चुरा. खाली उघडा सिलिंडर आहे. म्हणून टॅपच्या खाचांमध्ये घट्ट ग्रीस भरतात, चुरा त्याला चिकटतो. थोडं फिरवायचं, बाहेर काढायचं, पुसायचं, पुन्हा ग्रीस. घाई करणाऱ्या माणसाला हे काम देऊ नये. शेवटी व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून आत फिरवतात आणि फोनच्या एंडोस्कोपने पिस्टनचा माथा बघतात. चकाकणारा एकही कण दिसला तर पुन्हा व्हॅक्यूम. तुम्ही हे काम गॅरेजला दिलं असेल तर हा शेवटचा व्हिडिओ त्यांच्याकडून मागून घ्या. चांगला मेकॅनिक आनंदाने देतो.

बुश उष्णता सोसणाऱ्या लॉकिंग गोंदावर बसवतात, तो सुकू देतात, मग नवीन प्लग, नवीन कॉइल. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट करून शेजारच्या सिलिंडरशी आकडा जुळतोय का ते बघतात. आणि एक प्लग उडाला म्हणजे उरलेल्या सातांचीही पकड टॉर्क रेंचने तपासायची, इंजिन पूर्ण थंड असताना. तेही त्याच वयाचे आहेत.

२००४ नंतरच्या तीन व्हॉल्व्हवाल्या ५.४ लिटर इंजिनाचं दुखणं नेमकं उलटं. त्यात २००८ पर्यंत दोन तुकड्यांचा प्लग होता आणि तो काजळीने इतका अडकून बसायचा की काढताना तुटून खालचा तुकडा आतच राहायचा. तो वेगळाच विषय आहे. एवढंच लक्षात ठेवा की 'ट्रायटन' म्हटलं की आधी वर्ष आणि व्हॉल्व्ह विचारायचे.

जुना ट्रक घ्यायला गेलात तर

टेक्सासमध्ये एमएस करणारा माझा एक कॉलेजमित्र मध्यंतरी २००१ चा ५.४ लिटरवाला पिकअप बघायला जाणार होता. त्याने फोन करून विचारलं, 'अरे, ॲपवर एकपण कोड नाही आला तर गाडी क्लीन ना?' नाही. कोड पुसायचं बटण त्याच ॲपमध्ये असतं आणि ते विकणाऱ्याकडेही असतं.

मी त्याला ॲपमधलं 'रेडिनेस' नावाचं पान उघडायला सांगितलं. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या काही चाचण्याही शून्यावर येतात आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. कोड नाहीत आणि बऱ्याचशा चाचण्या 'अपूर्ण', म्हणजे नुकतंच कुणीतरी पुसलंय किंवा बॅटरी काढली होती. तेव्हा आठवडाभराने परत या. शिवाय इंजिन थंड असतानाच पोहोचायचं, विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर टिक-टिक ऐकण्याची संधी जाते. आणि सरळ विचारायचं, आजवर किती प्लगना इन्सर्ट टाकलेत आणि कुठल्या प्रकारचे? बिल आहे का? आठही प्लगना भरीव इन्सर्ट टाकून बिल जपून ठेवणाऱ्याची गाडी, 'कधीच काही झालं नाही' म्हणणाऱ्याच्या गाडीपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते. मित्र हसला, पण यादी लिहून घेतली.

आपल्या बाईकचं काय?

आपल्या बाईक-स्कूटरचं हेडही ॲल्युमिनियमचंच असतं आणि हल्लीच्या अनेक गाड्यांचा प्लग तर १० मिलिमीटरचाच, म्हणजे आणखी नाजूक. आपल्याकडे तो सहसा उडत नाही, आटे बसतात ते चुकीच्या हाताने. गरम इंजिनवर प्लग काढणं, तिरका लावून पान्याने दाबून फिरवणं, 'घट्ट म्हणजे चांगलं' म्हणून पाना लांब करून आवळणं. आटे गेले तरी लगेच नवीन हेड घेऊ नका. लेथवाल्याकडे बुश मारून मिळतो.

नव्या दुचाकींनाही आता ओबीडी आहे. एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात ओबीडी-२ आलं. पण बाईकचं सॉकेट कारपेक्षा वेगळं असल्यामुळे जोडायला वेगळी केबल लागते, आणि कार-ॲपमधली सगळी पानं त्यावर उघडतीलच असं नाही.

प्लग स्वतः लावायचा असेल तर इंजिन पूर्ण निवू द्या. खड्ड्यातली माती आधी फुंकून काढा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. प्लगवर रबरी नळीचा तुकडा घट्ट बसवून तो नुसत्या बोटांनी फिरवा. आटे तिरके धरले तर नळीच प्लगवर घसरते आणि पुढचं नुकसान टळतं. प्लग टेकेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. नवीन वॉशरवाला प्लग असेल तर त्यानंतर सहसा अर्धा फेरा पुरतो. नेमका आकडा बहुतेक वेळा प्लगच्या डब्यावरच छापलेला असतो, डबा फेकायच्या आधी त्याचा एक फोटो काढून ठेवा.